सूर्यास्ताआधी तळावर

कफ परेड सपाट आहे, आणि ती सपाट असणारच. येथील जमीन समुद्र बुजवून केलेली. बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टचे टी. डब्ल्यू. कफ यांचे नाव या भरावाला मिळाले. पुढे भरावावर भराव पडत गेला, त्यावर उंच इमारती उभ्या राहिल्या आणि त्यांच्या पायथ्याशी, बॅकबेच्या पाण्याला लागून, मच्छीमार नगर राहिले. डोंगरातील सायकल शर्यतीची तयारी करण्यासाठी मुंबईत याहून गैरसोयीची जागा सापडणार नाही. तरी ती मी येथेच केली, कारण आमचे घर येथे आहे आणि नागदेवी स्ट्रीटवरील बेअरिंगचे दुकान रोज वेळेवर उघडावे लागते.

ही शर्यत म्हणजे हिमाचल प्रदेशातील ‘एमटीबी हिमालया’. २००५ साली ती सुरू झाली. सिमल्याहून निघायचे आणि देवदाराच्या जंगलातून, सफरचंदाच्या बागांमधून, कच्च्या रस्त्यांनी आणि पायवाटांनी रोज एक टप्पा पार करत जायचे. मार्ग दरवर्षी थोडाफार बदलतो. कोविडपूर्वीच्या ज्या वर्षी मी गेलो त्या वर्षी आठ दिवसांचे आठ टप्पे होते आणि एकूण अंतर सुमारे सहाशे किलोमीटर. सपाट रस्त्यावर सहाशे किलोमीटर ऐकून आज कोणी दचकत नाही. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली अमेरिका आडवी ओलांडणारी ‘रॅम’ ही शर्यत दोघांच्या संघाने पूर्ण केली, तर २०१७ साली नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच एकट्याने. त्यांच्या पराक्रमापुढे माझे सहाशे किलोमीटर म्हणजे चिल्लर. पण डोंगरातील अंतर आडवे मोजायचेच नसते, ते उभे मोजायचे असते.

पर्वतीय सायकलींचा हा खेळ तसा नवा आहे. १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियातील काही तरुणांनी जुन्या जाड टायरच्या सायकली माउंट तमालपाइसच्या उतारांवरून सोडल्या, त्यातून ही सायकल घडली. अनेक दिवस चालणाऱ्या शर्यती त्यानंतर आल्या. युरोपात आल्प्स ओलांडणारी १९९८ पासून, दक्षिण आफ्रिकेतील ‘केप एपिक’ २००४ पासून. आपल्याकडे सायकल शर्यत म्हटली की मुंबई-पुणे आठवते, बोरघाट आठवतो आणि तेथे सर्वांत आधी चढून ‘घाटाचा राजा’ ठरणारा स्वार आठवतो. पण मुंबई-पुणे एका दिवसात संपते. अनेक दिवसांच्या शर्यतीत आज किती जोरात गेलो याला फारसे मोल नसते. उद्या सकाळी पुन्हा खोगिरावर बसता येईल का, हा प्रश्न असतो. आम्हा व्यापाऱ्यांना हे समजावून सांगावे लागत नाही. एका दिवसाच्या विक्रीवर कोणतेही दुकान चालत नाही.

तर उभ्या अंतराची तयारी. दक्षिण मुंबईत चढ म्हणावा असा एकच, मलबार हिल. गिरगाव चौपाटीवरून वाळकेश्वरकडे वळले की रस्ता चढू लागतो आणि पन्नास-एक मीटर उंचीवर कमला नेहरू पार्कापाशी संपतो. मी रविवारी पहाटे तो दहा वेळा चढत असे आणि शेवटच्या फेरीनंतर बाबू अमीचंद पनालाल यांच्या आदीश्वर देरासरात दर्शन घेऊन घरी येत असे. एकदा देरासराच्या पायरीवर बसून मी हिशेब मांडला. शर्यतीतील सर्वांत मोठा चढ सतलज नदीवरील लुहरीपासून जालोरी खिंडीपर्यंतचा. लुहरी हजार मीटरच्याही खाली आहे, खिंड ३,१२० मीटरवर. म्हणजे एकाच दिवसात मलबार हिल चाळीसहून अधिक वेळा, आणि तेही विरळ हवेत, जेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे सत्तर टक्के असतो. तो आकडा मी घरी कोणाला सांगितला नाही.

चढ नव्हता, पण वारा होता. मे महिन्याच्या अखेरीस नरिमन पॉइंटवर पश्चिमेकडून जो वारा येतो, त्याच्या तोंडावर सायकल चालवणे हे चढ चढण्यासारखेच असते. वारा कधी येईल हे मला मच्छीमार नगरातील एक वयस्क कोळीबाबा सांगत. ओळख झाली ती गंजामुळे. खारी हवा सायकलीची चेन आठवडाभरात लाल करते. रस्त्याकडेला बसून मी ती घासत असता ते थांबले आणि म्हणाले, “शेट, आधी गोड्या पाण्यानं धुवा, मग कोरडी करा, मग तेल. मीठ आत ठेवून वरून तेल लावलं तर ते आतून खातं.” बेअरिंगच्या धंद्यात तीस वर्षे घालवलेल्या माणसाला हे कोणी सांगावे असे नव्हे, पण खाऱ्या हवेविषयीचा अधिकार त्यांचा होता.

त्यांच्या आणि आमच्या जगण्यात मोठे अंतर आहे. त्यांचा व्यवसाय आमच्या आचारात बसत नाही. इतक्या वर्षांच्या शेजारानंतरही तो वास आला की माझी आई खिडकी लावून घेते. १ जून ते ३१ जुलै या बंदीच्या काळात होड्या किनाऱ्यावर ताडपत्रीखाली उभ्या असतात, तेव्हा आमच्या घरात बरे वाटते हेही खरे. पण पहाटे पावणेपाचला मी सायकल काढत असे तेव्हा त्या वस्तीत दिवे लागलेले असत, ससून डॉकला निघालेल्या बायका टॅक्सीची वाट पाहत असत, आणि त्यांपैकी एक मावशी दर वेळी विचारी, “शेट, एवढ्या पहाटे कुणाची उधारी वसूल करायला निघालात?” शहरात त्या वेळी जागे असणारे आम्हीच. कोळीबाबांकडून मी भरती-ओहोटीचे गणितही थोडे शिकलो. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते; अष्टमीच्या सुमारास पाणी कमी चढते, तो भांग; अमावास्या-पौर्णिमेला उधाण. त्यांचे घड्याळ चंद्राचे. आमचे सूर्याचे.

या सूर्याच्या घड्याळाचीच मला खरी चिंता होती. लहानपणापासून रात्रिभोजनाचा त्याग आहे. घरी चौविहार, म्हणजे सूर्यास्तानंतर पाणीही नाही, आणि सकाळी नवकारशी, म्हणजे सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी तोंडात पहिला घोट. शरीराला त्याची सवय आहे. पहाटेची रपेट मी पाण्याविनाच करीत असे. पण दिवसभर डोंगर चढणाऱ्या माणसाचे शरीर वेगळे वागते. स्नायूंत आणि यकृतात साठलेली साखर जोराच्या श्रमात दीड-दोन तासांत संपत येते. वाटेत खात राहावे लागते, आणि टप्पा संपल्यावर रात्रीपर्यंत पुन्हा भरावे लागते, तरच दुसऱ्या दिवशी पाय उठतात. इतर स्वार तळावर पोहोचल्यापासून झोपेपर्यंत खात असतात. मला मिळणार होता तो फक्त टप्प्याचा शेवट आणि सूर्यास्त यांमधला वेळ. शर्यतीची एक वेळमर्यादा होती. माझी दुसरी, तिच्याही आधीची.

डॉक्टरांनी पाण्याविषयी स्पष्ट सांगितले. उंचीवर शरीरातील पाणी झपाट्याने कमी होते, रात्रीचे तेरा तास कोरडे काढणे त्यांना मान्य नव्हते. वाळकेश्वरला चातुर्मासासाठी विराजमान असलेल्या साध्वीजी महाराजांना मी विचारले. त्यांनी आठ दिवसांसाठी तिविहार सुचवला: अन्न नाही, उकळलेले पाणी चालेल. ते पच्चक्खाण घेऊन मी निघालो.

राहिला शिध्याचा प्रश्न. तयार मिळणाऱ्या शक्तिवर्धक वड्यांच्या वेष्टनावरील बारीक अक्षरे एकदा वाचून पाहावीत: खजूर, मध, कधी जिलेटिन. मध आणि जिलेटिन कायमचे वर्ज्य, आणि खजूर चातुर्मासात वर्ज्य. सुकामेव्यालाही तोच नियम. तळावरच्या स्वयंपाकात बटाटा आणि कांदा असणारच, कारण पहाडात ते स्वस्त आणि टिकाऊ. शेवटी घरच्या सुखडीवर भिस्त ठेवली. गहू, तूप आणि गूळ; श्रम करणाऱ्या माणसासाठी याहून चांगली वडी कोणत्या प्रयोगशाळेने बनवली असेल असे मला वाटत नाही. तिच्या जोडीला साधे खाखरे, भाजलेले चणे, मूग आणि तांदूळ. तळावरच्या आचाऱ्याने माझ्या वेगळ्या पातेल्यात मूग-भात शिजवून देण्याचे मनापासून कबूल केले आणि आठही दिवस ते पाळले. वाटेत सफरचंदे होतीच. नारकंडा-कोटगढचा हा पट्टा सफरचंदांचा. सॅम्युएल स्टोक्स नावाच्या अमेरिकन गृहस्थाने, जो पुढे सत्यानंद झाला, शंभर वर्षांपूर्वी येथे अमेरिकन जातीची कलमे लावली आणि या डोंगरांचे अर्थकारण पालटले. आश्विनात रस्त्याच्या कडेला खोक्यांच्या थप्प्या, ट्रकांच्या रांगा आणि भावावरून घासाघीस करणारे आडते पाहून क्षणभर वाशीच्या बाजारात आल्यासारखे वाटले.

त्या वर्षी तिथी अशा जुळल्या की सुद अष्टमीला आमची शर्यत सुरू होत होती आणि सुद सातमला आईने नवपदाची ओळी सुरू केली. नऊ दिवस आयंबिल: दिवसातून एकदाच, एका आसनावर, तूप-तेल-दूध-गूळ काहीही नसलेले उकडलेले अन्न. आईचे वय तेव्हा पंचाहत्तर. निघताना मी म्हणालो, “आई, तुझे नऊ दिवस आणि माझे आठ. आपण दोघेही तप करतो आहोत.” ती म्हणाली, “तुझे तप नाही, तुझा शोक आहे. शोक म्हणूनच कर.” तिचे म्हणणे मला तेव्हाही पटले आणि आजही पटते. हल्ली धावणे, पोहणे, सायकल या सगळ्यांना साधना आणि तपश्चर्या म्हणण्याची रीत पडली आहे. ज्या श्रमात पदक मिळते, छायाचित्र निघते, त्याला तप म्हणू नये.

पहिले तीन दिवस ठीक गेले. सिमल्याहून मशोब्र्याच्या बाजूने निघालो. लष्कराचे जवान आणि नेपाळचे व्यावसायिक स्वार पहिल्या वळणालाच दिसेनासे झाले, ते संध्याकाळी तळावर कपडे वाळत घालताना दिसले. आम्ही मागचे पंधरा-वीस जण आपोआप एकत्र आलो. मागच्या लोकांची शर्यत निराळी असते. तीत एकमेकांना पाना दिला जातो, चेन जोडून दिली जाते. माझ्या तंबूतील सोबती कोल्हापूरकडचा पंचविशीतला तरुण होता, घरची उसाची शेती, मला “काका” म्हणे. नारकंड्याचा चढ जंगलातून, गार सावलीत. तिथून सतलजकडे उतरताना ब्रेक धरून धरून बोटे बधिर झाली. तिन्ही दिवस मी चारच्या सुमारास तळावर होतो. सूर्यास्ताआधी दोन वेळा जेवण होत असे आणि मग तंबूबाहेर बसून चंद्र पाहणे. अष्टमीचा अर्धा चंद्र रोज थोडा भरत होता. मुंबईत पाणी भांगावरून उधाणाकडे निघाले असणार.

चौथा दिवस जालोरीचा. सकाळी आठला लुहरीच्या बाजूने सुटलो. खाली दरीत उकाडा, नदीचा मोठा आवाज. आनी गावापर्यंत गाडी ठीक चालली, त्यापुढे चढाने जीव घेतला. वेग ताशी सहा-सात किलोमीटर, म्हणजे रस्त्यावरच्या गुरांच्या बरोबरीचा. दर अर्ध्या तासाला सुखडीचा एक तुकडा, दोन घोट पाणी. खनागला पोहोचलो तेव्हा तीन वाजून दहा मिनिटे झाली होती.

तेथे मागून येणारे वाहन उभे होते. अनेक दिवसांच्या प्रत्येक शर्यतीत असे एक वाहन असते. थकलेल्यांना आणि सायकल मोडलेल्यांना ते उचलते. बसावे की नाही हे स्वाराने ठरवायचे. बसला तर तो तळावर पोहोचतो, दुसऱ्या दिवशी सायकलही चालवू शकतो, मात्र शर्यत पूर्ण केलेल्यांच्या यादीतून त्याचे नाव जाते. मी उभ्याउभ्या हिशेब केला. खिंडीपर्यंत दीड तास, म्हणजे चार चाळीस. पलीकडचा जंगलातील उतार सव्वा तास, म्हणजे पाच पंचावन्न. पंचांगाप्रमाणे त्या दिवशी सूर्यास्तही पाच पंचावन्नलाच. शर्यतीची मर्यादा साडेसहाची. म्हणजे सायकलवर गेलो तर टप्पा मिळण्याची चांगली शक्यता, पण जेवण जवळजवळ गेलेच. वाहनात बसलो तर साडेचारला तळावर, पोटभर मूग-भात, आणि यादीतून नाव कमी. नियम मोडून रात्री जेवावे हा तिसरा पर्याय हिशेबात नव्हता, हे लिहिताना मला काही विशेष सांगतो आहे असे वाटत नाही. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी तो नसतोच.

उपाशी पोटी जालोरी उतरून दुसऱ्या दिवशी पाचवा टप्पा करता येईल का, एवढाच प्रश्न उरला. पिशवीत सुखडीचे सात तुकडे होते. मी ठरवले की ते सगळे सूर्यास्ताआधी, सायकलवरच संपवायचे आणि तेच जेवण समजायचे. वाहनचालकाला हात केला आणि निघालो.

खनागच्या पुढे चढ असा उभा आहे की पुढचे चाक उचलले जाते. बराच भाग मी सायकल ढकलत चाललो. खिंडीवर देवीचे छोटे मंदिर आहे आणि चहाची दुकाने. चार पन्नासला मी तेथे पोहोचलो. उत्तरेकडे बर्फाची लांब रांग उन्हात होती, तिच्याकडे मिनिटभर पाहिले असेन. सोझाच्या बाजूचा उतार दगडगोट्यांचा आणि मुळांचा. तेथे एका धारदार दगडाने मागच्या टायरची बाजू कापली. आतून तुकडा लावून, ट्यूब घालून पुन्हा हवा भरेपर्यंत वीस मिनिटे गेली. बोटे थंडीने वाकत नव्हती. पाच चाळीसला, देवदाराखाली उभा राहून, मी शेवटचे दोन तुकडे खाल्ले, त्यावर पाणी प्यायलो आणि हात जोडले. पुढचा रस्ता अंधारत होता.

सहा वीसला तळावर आलो. मर्यादेच्या दहा मिनिटे आत. नाव यादीत राहिले. आचारी पातेले घेऊन उभा होता. त्याला कळून चुकले आणि त्याने काही न बोलता पातेले झाकले, चुलीवर पाण्याचे आधण ठेवले. त्या उंचीवर पाणी मुंबईपेक्षा कमी तापमानाला उकळते, म्हणून तो ते जास्त वेळ उकळत ठेवी. कोल्हापूरच्या तरुणाने आपले ताट घेतले आणि तंबूत न आणता बाहेर, थंडीत, ट्रकच्या आडोशाला बसून जेवला. मी आत बोलावले तर म्हणाला, “असू द्या काका, हितं वारा चांगलाय.” तेथे वारा अजिबात चांगला नव्हता.

रात्री भूक लागेल असे वाटले होते, पण लागली ती थंडी. पोटात अन्न नसले की शरीर ऊब धरत नाही. दोन वाजता उठून गरम पाणी प्यालो, अंगात होते नव्हते ते कपडे घातले. सकाळी ६ वाजून १६ मिनिटांनी सूर्य उगवला, ७ वाजून ४ मिनिटांनी नवकारशी आली. पाच खाखरे, रात्रीचे मूग चालत नाहीत म्हणून आचाऱ्याने पहाटे ताजे शिजवलेले मूग, गुळाचे पाणी. आठला सुटलो. पहिला तास पाय माझे नव्हते. मग मी वेगच सोडून दिला, सर्वांच्या मागे राहिलो, दर पंधरा मिनिटांनी थोडे खात राहिलो. दुपारी बाराच्या सुमारास अंगात पुन्हा जीव आला. त्या दिवशी शेवटून पहिला आलो, साडेचारला, आणि सूर्यास्तापर्यंत न थांबता जेवलो.

पुढचे तीन दिवस मंडीच्या बाजूचे डोंगर, घाटातली छोटी गावे, छपरांवर वाळत घातलेला मका. त्यांत सांगण्यासारखे थोडे आहे. शरीर एकदा त्या चालीला लागले की टप्पे एकमेकांत मिसळतात. कोणत्या गावात कोणत्या मुलाने टाळी दिली हे आज आठवत नाही. पौर्णिमेला संपले. यादीत माझा क्रमांक खालून चौथा होता. आईला फोन केला तेव्हा तिचे शेवटचे आयंबिल झाले होते. तिने एकच विचारले, चौविहार नाही तर नाही, तिविहार सांभाळला का. मग म्हणाली, उद्या पारणे आहे, तू पोहोचणार नाहीस, तुझ्या वाटणीचे ठेवत नाही.

ज्यांना जायचे असेल त्यांनी सुखडी दररोज चारशे ग्रॅमच्या हिशेबाने न्यावी, मी तीनशेच्या हिशेबाने नेली होती आणि सातव्या दिवशी डबा रिकामा झाला. खाखरे पत्र्याच्या डब्यात न्यावेत. सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा मुंबईच्या पंचांगावरून घेऊ नयेत, तेथील घ्याव्यात. सूर्य तेथे आधी मावळतो. डॉक्टरांना आणि आपल्या गुरुमहाराजांना निघण्याच्या महिनाभर आधी विचारावे.

मुंबईला आल्यावर मागचे चाक मी दुकानात नेऊन उघडले. बेअरिंगमध्ये ग्रीसबरोबर चमकणारी बारीक वाळू होती, अभ्रकाची असावी. जुने बेअरिंग मी गोड्या पाण्याने धुऊन, कोरडे करून, गल्ल्यामागच्या फळीवर ठेवले. नवे आमच्याच मालातले बसवले आणि दुकानाच्या वहीत रोखीने लिहिले.